फोर्स फीडबॅक असलेले फ्लाइट सिम्युलेटर कॉकपिट घरी कसे उभारावे

सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्या बहुतेकांच्या हातात स्प्रिंगची जॉयस्टिक असते. विमानाचा वेग ६० नॉट असो की १२०, ती स्प्रिंग दांडीला मध्याकडे सारख्याच जोराने ओढत राहते. सेसना १७२ सारख्या विमानात मात्र योक (वैमानिकाच्या हातातले हँडल) तारा आणि कप्प्यांमधून थेट एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) व एलेरॉनला (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या पंखांच्या झडपांना) जोडलेला असतो, त्यामुळे हाताला लागणारा जोर हवेच्या गतिक दाबावर ठरतो आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीला ६० नॉट वेगाने तो सुमारे ५८० पास्कल भरतो, तर १२० नॉटला सुमारे २,३३० पास्कल. म्हणजे वेग दुप्पट झाला की एलिव्हेटर तेवढ्याच कोनात वळवायला जवळपास चौपट जोर लागतो. ट्रिमचेही तसेच आहे. खऱ्या विमानात वैमानिक योक हवा तिथे धरून ठेवतो आणि हातावरचा भार नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर मात्र ट्रिम फिरवत फिरवत हात हळूहळू मध्याकडे आणावा लागतो, आणि ही सवय खऱ्या उड्डाणाच्या अगदी उलट आहे.

घरच्या कॉकपिटमध्ये फोर्स फीडबॅकची, म्हणजे हाताला विमानासारखा जोर देणारी मोटरची नियंत्रणे बसवण्याचे खरे कारण हे आहे. म्हणूनच कॉकपिटची आखणी पडद्यापासून सुरू न करता हाताला लागणाऱ्या बलापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. किती बल हवे हे एकदा ठरले की मोटर, सांगाडा, वीजपुरवठा आणि आसनाची जागा ओघाने ठरत जाते. पडदे आधी घेतले, तर पुढे पेडल आणि योक त्यांच्याभोवती कसेबसे कोंबावे लागतात.

पहिली पायरी: विमान ठरवणे

सगळ्याच विमानांना फोर्स फीडबॅक लागत नाही. एअरबस ए३२० ची साइडस्टिक मुळातच स्प्रिंगची आहे. ती नियंत्रण-पृष्ठांकडून कोणतेही बल परत आणत नाही आणि ऑटोपायलट चालू असताना हलतही नाही. ज्याला फक्त ए३२० उडवायचे आहे त्याने मोटरवर खर्च करू नये. चांगली स्प्रिंग आणि डॅम्पर (हालचालीला विरोध करून ती मंदावणारा भाग) पुरेसे आहेत. एफ-१६ ची स्टिक जवळजवळ हलतच नाही, ती हाताचा दाब मोजते, म्हणून तिच्यासाठी लोडसेलवर (दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) बसवलेली स्टिक हे योग्य उत्तर आहे. बोइंग ७३७ ची पृष्ठे हायड्रॉलिक्सने हलतात, परंतु योकवरचा जोर एका वेगळ्या यंत्रणेतून वेगानुसार कृत्रिमरीत्या निर्माण केला जातो आणि स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणे) जवळ आला की स्टिक शेकर योक थरथरवतो. तिथे मोटरचा पुरेपूर उपयोग होतो. हेलिकॉप्टरमध्ये फोर्स ट्रिमचे बटण दाबून सोडले की सायक्लिक (हेलिकॉप्टरची मुख्य दांडी) त्या नव्या जागी स्थिर राहते, आणि स्प्रिंगच्या स्टिकवर हे करताच येत नाही. सर्वांत जास्त फायदा होतो तो तारांनी किंवा दांड्यांनी चालणाऱ्या हलक्या विमानांना आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांना.

पहिल्या बांधणीसाठी एकच प्रकार निवडावा: हलके विमान असेल तर योक, लढाऊ विमान किंवा हेलिकॉप्टर असेल तर दोन पायांमधली मधली स्टिक. दोन्ही बसतील असा अदलाबदलीचा सांगाडा पुढे करता येतो. सुरुवातीलाच तो केला तर दोन्हीही ढिले राहतात.

दुसरी पायरी: बल आणि टॉर्क यांचा हिशेब

किती बल पुरेसे, याला एक चांगला आधार उपलब्ध आहे. मोठ्या प्रवासी विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांतील कलम २५.१४३ मध्ये वैमानिकावर येऊ शकणाऱ्या बलाच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत. थोड्या काळासाठी दोन हातांनी पिचमध्ये (नाक वर-खाली करताना) ७५ पौंड आणि रोलमध्ये (डावी-उजवीकडे झुकताना) ५० पौंड, तर रडरवर (पायाच्या पेडलवर) १५० पौंड चालतात. पण दीर्घकाळ धरून ठेवायचे असल्यास पिचमध्ये १०, रोलमध्ये ५ आणि रडरवर २० पौंड एवढीच मुभा आहे. दहा पौंड म्हणजे सुमारे ४५ न्यूटन. घरात बसून ३३० न्यूटनचा योक ओढण्याची गरज कोणालाच नाही, परंतु ४० ते ६० न्यूटन मिळाले तर ट्रिम सुटलेले विमान हाताला खरोखर जड वाटते. याउलट कमाल बल १० न्यूटनच्या आसपासच असेल, तर परिणाम जाणवतो, पण विमान जाणवत नाही.

मधल्या स्टिकचा हिशेब करून पाहू. फिरण्याच्या बिंदूपासून मुठीच्या मध्यापर्यंत ३५ सेंटिमीटर अंतर आणि मुठीवर ४० न्यूटन बल हवे असेल, तर अक्षावर १४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागेल. ज्या मोटरचा कमाल टॉर्क ३ न्यूटन-मीटर आहे तिला टायमिंग बेल्टने ६ पट कमी वेगाचे गुणोत्तर दिले, तर कागदावर १८ आणि बेल्ट-बेअरिंगमधील घट वजा जाता साधारण १५ न्यूटन-मीटर मिळतात. एवढ्यावर थांबू नये, कारण कमाल टॉर्क मोटर काही सेकंदच देऊ शकते. त्याच मोटरचा सततचा टॉर्क १.२ न्यूटन-मीटर असेल, तर मुठीवर सतत १७ ते १८ न्यूटनच मिळतील. खरेदी करताना याच आकड्याकडे पाहावे. विक्रेत्याच्या पानावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल टॉर्कचा किंवा स्टेपर मोटरच्या बाबतीत स्थिर अवस्थेतील धारण-टॉर्कचा असतो.

गुणोत्तर वाढवून छोटी मोटर वापरावी हा मोह होतो, पण मोटरच्या रोटरचे जडत्व हाताला गुणोत्तराच्या वर्गाने जाणवते. ६ पट गुणोत्तराला ३६ पट, १० पटीला १०० पट. स्टिक मग चिखलातून हलवल्यासारखी लागते आणि बारीक थरथर हातापर्यंत पोहोचतच नाही. ४ ते ८ या टप्प्यात राहावे. वर्म गिअर अजिबात वापरू नये, कारण तो हाताने उलटा फिरत नाही. साध्या गिअरबॉक्समधील दातांची ढील मध्याजवळ टकटक करते, म्हणून तोही टाळावा.

योकचा हिशेब वेगळा येतो, कारण पिचची हालचाल सरळ रेषेत असते. २० दातांची, दोन दातांमध्ये ५ मिलिमीटर अंतर असलेली पुली एका फेऱ्यात बेल्ट १०० मिलिमीटर ओढते, म्हणजे तिची परिणामकारक त्रिज्या सुमारे १६ मिलिमीटर. ६० न्यूटनसाठी साधारण १ न्यूटन-मीटर पुरतो आणि मधले गुणोत्तर लागतच नाही. रोलमध्ये योकच्या मध्यापासून हात १४ सेंटिमीटरवर असतील आणि दोन्ही हातांचे मिळून २५ न्यूटन हवे असतील, तर ३.५ न्यूटन-मीटर लागतात. तिथे ३ किंवा ४ पट गुणोत्तराचा बेल्ट लावावा.

तिसरी पायरी: सांगाडा

इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हात योक ढकलतो तेव्हा पाठ तेवढ्याच बलाने आसन मागे ढकलते, आणि पाय ब्रेक दाबतात तेव्हा तर हे बल कित्येक पट असते. म्हणून आसन, योक आणि पेडल एकाच अखंड पायावर बांधलेले असले पाहिजेत. टेबलाला क्लॅम्पने लावलेला मोटरचा योक टेबलच हलवतो, आणि टेबल हलण्यात जेवढे बल वाया जाते तेवढे हाताला मिळत नाही.

४० गुणिले ४० मिलिमीटरचे खाचेचे ॲल्युमिनियम प्रोफाइल सोयीचे, कारण प्रत्येक भाग पुढे-मागे सरकवून पुन्हा घट्ट करता येतो. १८ मिलिमीटर प्लायवूडचा पेटीसारखा सांगाडाही उत्तम होतो. मात्र कोपऱ्यांत त्रिकोणी आधार आणि सांध्यांना गोंद व स्क्रू असे दोन्ही हवेत. एमडीएफ मोटर बसवायच्या जागी वापरू नये, कारण बोल्टच्या भोवती ते काही काळाने चुरते.

कापण्याआधी पुठ्ठ्याची आणि जुन्या लाकडाची कच्ची मांडणी करून तासभर त्यात बसावे. आसनावर पाठ टेकून बसल्यावर डोळे कुठे येतात तो बिंदू निश्चित करावा आणि बाकीची सगळी मापे त्या बिंदूपासून घ्यावीत. मधली स्टिक धरताना कोपर आणि मांडी यांच्यात हाताला आधार मिळाला पाहिजे, आणि पूर्ण मागे ओढलेली मूठ आसनाच्या कडेला किंवा पोटाला लागता कामा नये. योक पूर्ण मागे आल्यावरही मांडी आणि योक यांच्यात हाताची मूठ मावेल एवढी जागा ठेवावी. सांगाडा तयार झाल्यावर योकच्या बैठकीला ताणकाटा अडकवून ६० न्यूटनने ओढून पाहावे. बैठक एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर मोटर बसवण्याआधीच आडवा आधार वाढवावा.

चौथी पायरी: हलणारी यंत्रणा

मधल्या स्टिकसाठी दोन अक्षांची चौकट लागते: बाहेरची चौकट पिचसाठी फिरते आणि तिच्या आत रोलचा अक्ष असतो. रोलची मोटर बाहेरच्या चौकटीवर बसवली तर तिचे वजन पिचच्या मोटरला उचलावे लागते. म्हणून ती अक्षाच्या दुसऱ्या बाजूला बसवून वजन तोलून घ्यावे किंवा दोन्ही मोटर स्थिर ठेवून रोलची हालचाल दोन टोकांना बॉल जॉइंट असलेल्या दांडीने पोहोचवावी. प्रत्येक अक्षाला दोन बेअरिंग, आणि ती एकमेकांपासून शक्य तितकी लांब. स्टिक दोन्ही बाजूंना २० अंश फिरू दिली तर मुठीपाशी प्रत्येक बाजूला सुमारे १२ सेंटिमीटर हालचाल मिळते, जी बहुतेक विमानांसाठी पुरेशी आहे.

योकसाठी १६ ते २० सेंटिमीटरची सरळ हालचाल ठेवावी. पॉलिश केलेल्या पोलादी दांड्यांवर चालणारी लिनिअर बेअरिंग स्वस्त असतात पण किंचित खरखरतात. चौकोनी रेल आणि त्यावरची गाडी जास्त घट्ट व शांत चालते. रोलची मोटर सरकणाऱ्या गाडीवरच ठेवणे सर्वांत सोपे. तिच्या तारा साखळीसारख्या केबल-वाहकातून न्याव्यात, नाहीतर काही महिन्यांत त्या वाकण्याच्या जागी तुटतात.

दोन्ही टोकांना रबराचे यांत्रिक अडसर असलेच पाहिजेत. सॉफ्टवेअरमधली मर्यादा ही त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण एनकोडरची (स्थान मोजणाऱ्या सेन्सरची) तार निघाली तर सॉफ्टवेअरला टोक कुठे आहे हेच कळणार नाही.

यंत्रणा जोडून झाल्यावर, बेल्ट न लावता, मुठीला ताणकाटा अडकवून घर्षण मोजावे. हळूहळू ओढताना मूठ ज्या क्षणी सुटते तो आकडा टिपून घ्यावा. स्टिकला २ न्यूटनच्या आत आणि योकला ३ ते ४ न्यूटनच्या आत हा आकडा आणण्याचा प्रयत्न करावा. घर्षणापेक्षा लहान असलेले कोणतेही बल हाताला कळत नाही, त्यामुळे इथे घालवलेला एक दिवस मोठी मोटर घेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. रेल समांतर नसणे हे जास्त घर्षणाचे नेहमीचे कारण आहे: एक रेल पूर्ण आवळावी, दुसरीचे बोल्ट ढिले ठेवून गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवावी आणि मग दुसरीचे बोल्ट गाडी जिथे असेल तिथून एकेक करून आवळावेत.

पाचवी पायरी: मोटर, वीज आणि सुरक्षितता

ब्रशलेस सर्वो मोटर या कामाला सर्वांत योग्य. स्टेपर मोटर स्वस्त असते आणि कमी वेगाला भरपूर टॉर्क देते, पण वीज बंद असतानाही तिचा रोटर पायऱ्यापायऱ्यांनी फिरतो आणि त्या पायऱ्या हाताला लागतात. ब्रशच्या डीसी मोटरला साधा ड्रायव्हर (मोटरचा प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट) चालतो, म्हणून शिकण्यासाठी ती ठीक आहे. होव्हरबोर्डच्या चाकातील मोटर टॉर्कला दणकट असल्या, तरी त्यांच्या चुंबकांचा अडखळ फर्मवेअरमधून (नियंत्रकाच्या चिपमधील प्रोग्राममधून) भरून काढावा लागतो.

मोटरच्या शाफ्टवर चुंबकीय एनकोडर लावावा. १२ बिटचा एएस५६०० एका फेऱ्यात ४,०९६ स्थाने देतो, तर १४ बिटचा एएस५०४७ १६,३८४. वरच्या उदाहरणात स्टिक एकूण ४० अंश फिरते, म्हणजे ६ पट गुणोत्तराने मोटर २४० अंश फिरते. १२ बिटच्या एनकोडरवर ही साधारण २,७०० स्थाने झाली आणि मुठीपाशी एका स्थानाचे अंतर ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी भरते. स्थानासाठी हे पुरेसे आहे, परंतु डॅम्परचे बल वेगावरून काढले जाते आणि वेग म्हणजे दोन स्थानांमधला फरक. तिथे १२ बिट अपुरे पडतात आणि स्टिक किरकिरल्यासारखी लागते. १४ बिटचा एनकोडर घ्यावा. आणखी एक फायदा असा, की मोटर एका फेऱ्यापेक्षा कमी फिरत असल्याने वीज सुरू होताच स्थान अचूक कळते. योकची पुली मात्र १८ सेंटिमीटरमध्ये १.८ फेरे घेते, म्हणून तिथे सुरुवातीला टोकाला जाऊन शून्य शोधण्याची क्रिया किंवा वेगळा सेन्सर लागतो.

वीजपुरवठा २४ किंवा ४८ व्होल्टचा, संरक्षण असलेला आणि अर्थिंग जोडलेला घ्यावा. ज्याची माहिती नसल्याने सुटे भाग जळतात, ती गोष्ट म्हणजे परत येणारी वीज. हात मोटरला तिच्या जोराविरुद्ध ढकलतो तेव्हा मोटर जनित्र बनते आणि वीज पुरवठ्याकडे परत जाते. साधा पॉवर सप्लाय ती घेऊ शकत नाही. व्होल्टेज चढते आणि ड्रायव्हर बंद पडतो किंवा जळतो. ५० न्यूटनविरुद्ध अर्ध्या मीटर प्रति सेकंद वेगाने ढकलले तर २५ वॅट परत येतात, म्हणून ५० वॅटचा ब्रेक रेझिस्टर आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर तो जोडणारे सर्किट बसवावे.

इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण बसल्या जागेवरून हाताला लागेल असे हवे, आणि त्याने मोटरची वीज थेट तोडली पाहिजे. फर्मवेअरला विनंती करणारे बटण पुरेसे नाही. मोटरच्या वाटेवर फ्यूज, बेल्ट व पुलीवर झाकण, आणि मूठ सोडल्यावर बल कमी करणारा सेन्सर या तीन गोष्टींवर तडजोड नको. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या साइडवाइंडर फोर्स फीडबॅक जॉयस्टिकच्या मुठीत हात ओळखणारा प्रकाशीय सेन्सर असे, आणि तिचे बल आजच्या मोटरपुढे किरकोळ होते. घरात लहान मुले असतील तर चावीचा स्विचही लावावा.

सहावी पायरी: नियंत्रक आणि सिम्युलेटरशी संवाद

यूएसबीवर जॉयस्टिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी फोर्स फीडबॅकचा एक ठरलेला संकेत आहे. त्यात स्थिर बल, स्प्रिंग, डॅम्पर, घर्षण, जडत्व आणि साइन किंवा चौकोनी लहरी असे परिणाम असतात, आणि विंडोजमध्ये डायरेक्टइनपुट त्यांच्याशी बोलते. स्वतः फर्मवेअर लिहिण्याची गरज नाही. अरडुईनो लिओनार्डो या छोट्या नियंत्रक बोर्डासाठी खुल्या लायब्ररी आहेत. त्या ८ बिटच्या चिपवर दोन अक्ष कसेबसे भागतात. मूळ स्टिअरिंग व्हीलसाठी तयार झालेला ओपनएफएफबोर्ड हा खुला प्रकल्प एसटीएम३२ चिपवर चालतो, दोन अक्ष हाताळतो आणि ओड्राइव्ह किंवा व्हीईएससी ड्रायव्हरशी जोडता येतो. ज्यांना यांत्रिक काम नको असेल त्यांच्यासाठी व्हीपीफोर्स, ब्रुनर आणि मोझा यांचे तयार बेसही (मोटर बसवलेल्या बैठकी) मिळतात. या लेखातील सांगाडा आणि जुळवणीचे भाग त्यांनाही तसेच लागू पडतात.

एक तत्त्व मात्र प्रत्येकाने समजून घ्यावे. सिम्युलेटर सेकंदाला ३० ते ६० वेळाच माहिती देतो. त्या गतीने बल मोजून मोटरला पाठवले तर स्टिक धडधडते. त्यामुळे स्प्रिंग आणि डॅम्पर यांचा हिशेब नियंत्रकाच्या आत, सेकंदाला १,००० वेळा किंवा अधिक चालला पाहिजे, आणि सिम्युलेटरने फक्त सावकाश बदलणाऱ्या गोष्टी सांगाव्यात: स्प्रिंग किती कडक, तिचा मध्य कुठे, थरथर किती.

डीसीएस वर्ल्ड हे सिम्युलेटर फोर्स फीडबॅकला थेट आधार देते. पर्यायांत तो सुरू करून अक्ष उलटे लागले असतील तर अक्षांच्या फोर्स फीडबॅकच्या सेटिंगमध्ये त्यांची अदलाबदल करावी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये सिमकनेक्टमधून (बाहेरच्या प्रोग्रामना माहिती देणाऱ्या त्याच्या सोयीतून) वेग, ट्रिम, इंजिनाचे फेरे, जमिनीवरील स्थिती ही माहिती वाचणारा वेगळा प्रोग्राम लागतो, आणि एक्स-प्लेनमध्ये प्लगइन किंवा यूडीपीमधून (नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या पद्धतीतून) तेच करता येते. टेलेमएफएफबी हा व्हीपीफोर्सच्या उपकरणांसाठीचा असा एक प्रोग्राम आहे.

इथे ट्रिमचा एक सापळा आहे. ट्रिम फिरवल्यावर स्प्रिंगचा मध्य सरकतो आणि योक स्वतःहून नव्या जागी जातो. पण सिम्युलेटरला योक हललेला दिसतो, आणि ट्रिमचा परिणाम तर तो आधीच मोजत असतो. एकाच ट्रिमचा परिणाम दोनदा होतो आणि विमान नाक उचलून चढू लागते. यावर उपाय असा, की सिम्युलेटरमधून पिचचा अक्ष काढून टाकावा आणि सरकलेला मध्य वजा करून उरलेली हालचाल त्या प्रोग्रामनेच सिमकनेक्टमधून पाठवावी.

सातवी पायरी: जुळवणी

जुळवणी ठरावीक क्रमानेच करावी. सर्व परिणाम शून्यावर आणावेत आणि नियंत्रकातून २०, ४०, ६०, ८० व १०० टक्के स्थिर बल देऊन प्रत्येक वेळी मुठीला लावलेल्या ताणकाट्यावरचा आकडा लिहून घ्यावा. हे आकडे साधारण सरळ रेषेत यायला हवेत. वरच्या टोकाला रेषा वाकत असेल तर ड्रायव्हरची प्रवाहमर्यादा किंवा वीजपुरवठा कमी पडतो आहे. खालच्या टोकाला काहीच बल येत नसेल तर घर्षण जास्त आहे.

त्यानंतर थोडासा डॅम्पर द्यावा आणि स्प्रिंग वाढवत न्यावी. मूठ एका बाजूला ओढून सोडावी. ती मध्यावर येऊन थांबत असेल तर आणखी वाढवावी; सोडल्यावर स्वतःच मागेपुढे डोलत राहिली की कडा गाठली. तिथून एक तृतीयांश कमी करावे. डोलणे थांबवण्यासाठी डॅम्पर भरमसाट वाढवू नये. तसे केले तर स्टिक सगळ्याच वेगांना जड आणि निर्जीव लागते.

आता वेगाशी नाते जोडावे. स्प्रिंगचा कडकपणा दर्शनी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवावा, म्हणजे हवेची घनता आपोआप धरली जाते. नेहमीच्या प्रवासवेगाला योक एकूण हालचालीच्या एक तृतीयांश ढकलल्यावर उपलब्ध बलाच्या ८० टक्के यावेत अशी पातळी ठेवावी. उरलेले २० टक्के थरथर आणि धक्क्यांसाठी राखून ठेवावेत, नाहीतर मोटर मर्यादेला टेकते आणि नेमका स्टॉलचा इशारा हरवतो.

जमिनीवरचा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. उभ्या सेसनामध्ये एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि योक पुढे पडलेला असतो. म्हणून वेग शून्य असताना स्प्रिंग जवळपास शून्य ठेवावी आणि पुढच्या दिशेने ५ ते ८ न्यूटनचे स्थिर बल द्यावे, जे वेग वाढेल तसे विरत जाईल. धावपट्टीवर धावताना पडलेला, सैल योक हळूहळू हातात भरत जातो, आणि विमान उडायला तयार झाले आहे हे वेगमापकाकडे न पाहता समजते.

ट्रिमची परीक्षा हवेत घ्यावी. सरळ उड्डाणात ९० नॉटला ट्रिम करून हात सोडावा; विमान तसेच राहिले पाहिजे. मग शक्ती कमी करून उंची कायम ठेवत ७० नॉटला यावे. योक आता सतत ओढून धरावा लागला पाहिजे, आणि ट्रिमचे चाक फिरवताना हात जागचा न हलता त्यावरचा भार उतरत गेला पाहिजे. हात हलवावा लागत असेल तर मध्य सरकण्याचे प्रमाण चुकले आहे.

इंजिनाची कंपने, धावपट्टीचे खडबडीतपण, स्टॉलआधीची थरथर आणि स्टिक शेकर हे सगळे शेवटी, आणि अगदी कमी पातळीवर सुरू करावे. सतत जाणवणारे इंजिनाचे कंपन दहा मिनिटांत नकोसे होते आणि स्टॉलची थरथर त्यात बुडून जाते.

बाकीचे कॉकपिट

पेडलला मोटर लावणे शक्य आहे, पण पहिल्या बांधणीत स्प्रिंग व हायड्रॉलिक डॅम्परवर भागते. पैसे वाचवून ते ब्रेकच्या लोडसेलवर घालावेत, कारण पाय अंतरापेक्षा दाब जास्त नीट ओळखतो. एचएक्स७११ हे लोडसेल वाचणारे मॉड्यूल सहसा सेकंदाला १० वाचनांवर ठेवलेले येते. त्यावरील जोडणी बदलून ते ८० वर आणावे, अन्यथा ब्रेक उशिरा लागतो.

आसनाखाली कंपन देणारा ट्रान्सड्यूसर बसवला तर इंजिन आणि धावपट्टी यांचा भार योकवरून उतरवता येतो. त्याला साधारण २० ते ८० हर्ट्झचा आवाज द्यावा आणि सांगाड्याखाली रबराचे पाय लावावेत, म्हणजे खालच्या मजल्यावर त्रास होत नाही.

पडद्यासाठी अंतर महत्त्वाचे. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो ५३ अंश व्यापतो, ८० सेंटिमीटरवर ४१ अंशच. तीन पडदे कोनात लावून जवळ ठेवले तर दृष्टिक्षेत्र १५९ अंशांपर्यंत जाते. सिम्युलेटरमध्येही हाच कोन भरावा, नाहीतर धावपट्टी चुकीच्या अंतरावर भासते आणि फ्लेअर (उतरण्याआधी नाक हलके उचलणे) हमखास चुकतो. व्हीआर हेडसेट वापरणाऱ्यांनी पडद्यांचा विचार सोडून स्विच हाताला अचूक जागी सापडतील याकडे लक्ष द्यावे.

स्विच पॅनेलसाठी अरडुईनो मेगा २५६० हा बोर्ड आणि त्याला सिम्युलेटरशी जोडणारा मोबीफ्लाइट हा प्रोग्राम ही जोडी सोपी आहे. १६ पिनांवर ८ गुणिले ८ च्या जाळीत ६४ स्विच बसतात. प्रत्येक स्विचला एक डायोड लावला नाही तर एकाच वेळी तीन स्विच चालू केल्यावर चौथा भूतासारखा चालू दिसतो. मोटरच्या तारा आणि यूएसबीच्या तारा वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात, स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरावा आणि विंडोजमधील यूएसबी निलंबनाची सोय बंद करावी. उड्डाणाच्या मध्यात नियंत्रणे गायब होण्यामागे बहुधा यांपैकीच एखादे कारण असते.

पहिल्या काही उड्डाणांनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, बेल्टचा ताण तपासावा आणि अर्ध्या तासाच्या सलग वापरानंतर मोटरच्या आवरणाचे तापमान मोजावे. ते ६० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर छोटा पंखा लावावा किंवा सततच्या प्रवाहाची मर्यादा खाली आणावी. ताणकाट्यावर टिपलेले बलाचे आकडे वहीत जपून ठेवावेत आणि दर काही महिन्यांनी तीच पाच वाचने पुन्हा घ्यावीत: शंभर टक्क्यांचा आकडा उतरला असेल तर बेल्ट किंवा ड्रायव्हर पाहावा, आणि वीस टक्क्यांचा उतरला असेल तर बेअरिंग साफ करून घ्यावे.